पत्रातल्या एका ‘असो’बद्दल

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४४. जन्म बडोद्यातला, शिक्षणही इथल्याच विद्यापीठात, मेकॅनिकल. एका कारखान्यात नोकरीला वीस वर्षं झाली. वासणा रोडला फ्लॅट आहे, त्याचे हप्ते मागच्या दिवाळीत फिटले. बायको बँकेत आहे, मुलगा अकरावीत. आई दांडिया बाजारातल्या जुन्या घरातच राहते, तिला तिथून हलायचं नाही. कुणी ‘कसं काय’ विचारलं तर मी ‘मजेत’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं.

तरी गेली दोन वर्षं रविवारी दुपारी चारच्या सुमारास पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. हे सगळं कशासाठी चाललंय, याचं उत्तर सापडत नाही. खूप वाचलं, खूप व्हिडिओ पाहिले. स्टोइक, बुद्ध, गीता, अस्तित्ववाद, फ्रँकल. पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तीन वर्षांपूर्वी बढती मिळाली. आधी मेंटेनन्सला होतो, आता हेड ऑफिसात रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन बनवतो. मन लागत नाही, पण जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यावं असं शिकलोय, म्हणून सोडून दिलं. मुलाने एकदा विचारलं, ‘बाबा, तुम्ही ऑफिसात नक्की काय करता?’ मला धड सांगता आलं नाही. बायको म्हणते, ‘तुला वेळ आहे म्हणून असले प्रश्न पडतात.’

मध्ये आईकडे गेलो होतो तेव्हा खालच्या काकूंचं शिलाई मशीन टाके सोडत होतं, ते उघडून बसलो. तीन तास कसे गेले कळलं नाही. असो. मूळ प्रश्न असा की आजच्या काळात माणसाला जगण्याचा अर्थ नेमका कुठे सापडतो? तत्त्वज्ञानात की मानसशास्त्रात?

— एक बडोदेकर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, वर त्याचा गोषवारा दिला आहे. ते मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एका शब्दावर अडले. तो शब्द ‘असो’.

आपण ‘असो’ कधी लिहितो? लिहिता लिहिता काहीतरी आपसूक बाहेर पडतं. मग वाटतं, हे विषयाला सोडून झालं, वाचणाऱ्याला यात काय रस? आणि आपण त्यावर ‘असो’चं झाकण ठेवतो. तीस वर्षं लोकांचं ऐकण्याचं काम केल्यावर मला एक सवय लागली आहे. समोरचा माणूस ‘असो’ म्हणाला की मी त्याला तिथेच थांबवते. म्हणून तुम्हाला लगेच दोन ओळी पाठवल्या, की त्या मशीनचं काय झालं ते सविस्तर लिहा. तुम्ही दीड पान लिहून पाठवलंत, आणि ते वाचताना पहिल्यांदा तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिलात.

त्या काकू ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल लावून घर चालवतात. लग्नसराईचे नऊ ब्लाउज द्यायचे होते आणि मशीन दर चार बोटांवर टाका सोडत होतं. तुम्ही आधी सुई काढली, आईच्या आरशावर आडवी ठेवली आणि डोळा पार खाली नेऊन पाहिलं. सुई आणि आरसा यांच्यामधली फट टोकाशी केसाएवढी वाढलेली दिसली. सुई वाकली होती. नवी घातली, फरक पडला, पण दोष पुरता गेला नाही. मग सुईखालची पट्टी उघडलीत. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या फटींत कापसाचा भुगा वर्षानुवर्षं दाबून दाबून पुठ्ठ्यासारखा झाला होता. तो टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने काढलात. शटलमध्ये लाल दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता, तो काढलात, तेल दिलंत. काकूंनी एका चिंधीवर टीप मारली. चिंधी उलटून खालची बाजू पाहिली. मग एक शब्दही न बोलता अर्धवट राहिलेला ब्लाउज उचलला आणि कामाला लागल्या. तुम्ही लिहिलं आहे, ‘त्यांनी आभार मानले असते तर मी अवघडलो असतो. त्या सरळ कामाला लागल्या, त्याचंच फार बरं वाटलं.’

या वाक्याकडे मी येणार आहे. त्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी, कारण ती न विचारता अर्थाबिर्थावर बोलणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. तुमची झोप, भूक, कामातलं लक्ष ठीक आहे ना? दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणं, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस न वाटणं, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आपण नसलेलंच बरं असं वाटणं, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं आहेत. त्याला चिंतन पुरत नाही, मनोविकारतज्ज्ञ लागतो, आणि उपचारांनी माणसं बरी होतात. मशीनवर तीन तास रमणारा माणूस त्या अवस्थेत असेल असं मला वाटत नाही, पण पत्रावरून निदान करता येत नाही. थोडी जरी शंका असेल तर दाखवून या. आपल्याकडे कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. हे मी तुमच्याइतकंच, हा मजकूर वाचत बसलेल्या आणखी कुणासाठी लिहिते आहे.

आता रविवारचे चार. फ्रँकलचं नाव तुमच्या यादीत आहेच. व्हिएन्नाच्या या मनोविकारतज्ज्ञाने या अवस्थेला ‘रविवारचा मनोविकार’ असंच म्हटलं होतं. आठवडाभराची धावपळ थांबली की माणसाला आतली पोकळी जाणवायला लागते. म्हणजे तुमच्या पोटातला खड्डा रविवारी पडतो असं नाही. तो मंगळवारी, बुधवारीही असतो, त्या दिवशी त्यावर कामाची फळी टाकलेली असते एवढंच.

फ्रँकल म्हटलं की सगळ्यांना नाझी छळछावण्या आठवतात. तो चार छावण्यांतून गेला, आईवडील आणि बायको गमावली. ते वाचून तुम्ही पान तीनवर लिहिलंत, ‘त्याच्यापुढे माझं दुःख म्हणजे काहीच नाही, लाज वाटते.’ लाज वाटायचं कारण नाही. तुमच्या उपयोगाचा फ्रँकल त्याच्या बराच आधीचा आहे. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नात प्रचंड बेकारी होती आणि त्याच्याकडे खचलेले तरुण यायचे. त्याच्या लक्षात आलं की या मुलांनी मनाशी दोन हिशेब मांडले आहेत. नोकरी नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्याने त्यांना तरुणांच्या संघटनांत, प्रौढांच्या शिक्षणवर्गांत, सार्वजनिक वाचनालयांत बिनपगारी कामाला लावलं. खिसा रिकामाच राहिला, भूकही तेवढीच राहिली, पण ती खिन्नता गेली.

तुमचं नेमकं उलट झालं आहे. पगार आहे, पण आपला उपयोग कुठे होतो ते दिसत नाही. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, तेव्हा तुम्हाला काय झालं असेल ते मला कळतं. मेंटेनन्सला असताना त्याने विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘पंप बंद पडला की मी चालू करतो.’ पाच वर्षांच्या पोरालाही ते समजलं असतं.

आणि तारखा पाहा. बढती तीन वर्षांपूर्वीची, खड्डा दोन वर्षांपासूनचा. या दोन गोष्टी तुम्ही दोन वेगळ्या पानांवर लिहिल्या आहेत, जणू त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मला वाटतं, मधलं एक वर्ष नवेपणात गेलं. नवा पगार, नवी खुर्ची, लोकांचं अभिनंदन. नवेपणाची सवय माणसाला फार लवकर होते. १९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली होती. जिंकलेले लोक बाकीच्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी असल्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी निघाला. अभ्यास लहानसा होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण आपल्या आसपास पाहिलं तरी हे दिसतं. नवेपण ओसरलं की खाली जे असेल ते उघडं पडतं. तुमच्या बाबतीत खाली काय होतं? ज्या हातांना यंत्राचा दोष ओळखता येतो, त्यांना दिवसभर तक्ते रंगवायला बसवलं होतं.

मग अर्थ कुठे सापडतो? माझी या शब्दाशी ओळख जरा आडवाटेने झाली, ती सांगते.

आई गेली त्या वर्षी मी चार-पाच महिने घरात नुसती बसून होते. लोकांना अर्थाबद्दल सांगणारी मी, मला सकाळी खुर्चीतून उठावंसं वाटत नव्हतं. शेजारच्या बाई एक दिवस मुलीला घेऊन आल्या. दहावी आहे, संस्कृतचं काही कळत नाही, तेवढं बघाल का? मला अजिबात इच्छा नव्हती. नाही म्हणायला जमलं नाही, म्हणून हो म्हटलं. मुलगी रोज साडेचारला यायची, वहीचे कोपरे दुमडलेले, शेवटच्या पानावर गणितं. समास सोडवता सोडवता तिने विचारलं, ‘मावशी, विद्यार्थी म्हणजे विद्येचा अर्थ सांगणारा का?’ म्हटलं, नाही गं, विद्या मागणारा. मग मला स्वतःलाच पाहावंसं वाटलं म्हणून धातुकोश काढला. ‘अर्थ्’ या धातूचा अर्थ मागणं, याचना करणं. प्रार्थना त्यातलीच. आपल्या भाषेत पैशालाही अर्थ म्हणतात आणि शब्दाच्या आशयालाही, हे आपण जाणतो. त्या दोन्हींच्या मुळाशी मागणं आहे हे मात्र मी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. दीड महिन्यानंतर कधीतरी लक्षात आलं की चार वाजले की मी घड्याळ बघते, केस विंचरते, तिच्यासाठी खायला काहीतरी काढून ठेवते. मी अर्थ शोधायला गेले नव्हते. कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि ते नेमकं मला देता येत होतं.

फ्रँकलचं म्हणणंही शेवटी याच जागी येतं. जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न माणसाने विचारायचा नसून तो आयुष्यानेच माणसाला विचारलेला आहे, आणि उत्तर कृतीने द्यायचं आहे, असं तो म्हणत असे. हे तुम्ही वाचलं असेलच, मान डोलावून पुढचा व्हिडिओ लावलाही असेल. पण दांडिया बाजारात त्या संध्याकाळी काय झालं? काकूंचं मशीन टाके सोडत होतं. नऊ ब्लाउज अडले होते. कुणी तुम्हाला ‘तुमच्या आयुष्याचं ध्येय काय’ असं विचारलं नाही. ‘बघतोस का रे जरा’ एवढंच विचारलं असेल. तुम्ही सुई आरशावर ठेवलीत, तेव्हा उत्तर देऊन झालं होतं. काकू काही न बोलता कामाला लागल्या, त्याचं तुम्हाला बरं वाटलं, कारण आभार तुमच्याबद्दल असते. ती टीप त्यांच्या कामाबद्दल होती, आणि ते काम पुन्हा सुरू झालं होतं.

तेव्हा त्या वाक्यापुढचा ‘असो’ तुम्ही खोडावा असं मला वाटतं. तुमचा मूळ प्रश्न त्याच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही.

आता तुमच्या पत्नीबद्दल, कारण इथे मी जर एवढंच म्हणून थांबले की ‘कुणीतरी मागितलं की अर्थ मिळतो’, तर हे वाचणाऱ्या निम्म्या बायका कागद मिटून ठेवतील आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांच्याकडे सकाळी साडेपाचपासून सगळे मागतच असतात. डबा, चहा, इस्त्रीचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, बँकेत गिऱ्हाइकं, संध्याकाळी पुन्हा भाजी काय करायची. त्यातून अर्थ उगवत असता तर आपल्या आया-बहिणींइतकं तृप्त कुणीच नसतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम करून मांडलं की माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात. कुणाशी तरी आपलेपणाचं नातं, आपल्याला काहीतरी नीट जमतं ही जाणीव, आणि हे मी माझ्या मर्जीने करतोय ही भावना. मशीनपाशी तुम्हाला तिन्ही एकदम मिळाल्या. तुमच्या पत्नीला रोजच्या कामात तिसरी मिळत नसेल, कदाचित दुसरीही नाही, कारण रोजची पोळी चांगली झाली हे कुणी बोलून दाखवत नाही.

‘तुला वेळ आहे म्हणून असले प्रश्न पडतात’ हे तुम्हाला टोचलं. मला ते वाक्य एका दमलेल्या माणसाचं वाटतं. तुम्हाला जो प्रश्न रविवारी चार वाजता पडतो, तो तिला पडायला चार वाजता रिकामं बसायला तरी मिळायला हवं. तेव्हा तिला अर्थावरचा व्हिडिओ पाठवू नका. आईच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांकडची फेरी, एवढं सगळं तुमच्याकडे घ्या. मदत म्हणून घेऊ नका, पुरतं अंगावर घ्या, म्हणजे तिला आठवणही करावी लागू नये. आणि महिन्याभराने एखाद्या संध्याकाळी विचारा, की तिचे तीन तास असे न कळता शेवटचे कधी गेले होते. ती काय सांगते ते मध्ये न बोलता ऐका. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल चार ओळी आहेत आणि त्या सगळ्या ती तुमच्याबद्दल काय म्हणते याच्या आहेत, हे मला थोडं खटकलं म्हणून स्पष्ट लिहिते.

दुसरी गोष्ट, तीही स्पष्टच. ‘जे हातात नाही ते सोडून दिलं’ असं तुम्ही नोकरीबद्दल लिहिलंत. ही शिकवण स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची, आणि तो जन्माने गुलाम होता. त्याच्या हातात खरोखर फार थोडं होतं, म्हणून त्याच्या तोंडी ती शिकवण वजनदार आहे. तुम्ही मात्र एकदाही वरिष्ठांना विचारलेलं नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मुद्दाम विचारलं होतं, आणि तुम्ही कबूल केलंत. हात पुढे करून पाहिल्याशिवाय, हातात आहे की नाही हे कसं ठरलं?

दुःख दोन प्रकारचं असतं, टाळता न येणारं आणि टाळता येणारं. फ्रँकलसुद्धा पहिल्याबद्दलच म्हणतो की ते कसं सोसायचं यात अर्थ आहे. जे दूर करता येतं ते सोसत बसण्यात त्याला कसलंही मोठेपण दिसत नव्हतं. आपल्याच गावातली गोष्ट आठवा. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीवर आले. शिष्यवृत्ती सयाजीरावांनी दिलेली. तरी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. आज तिथे त्या घटनेचं स्मारक, संकल्पभूमी, आहे. तो अपमान आणि तुमचा रविवार यांची तुलना करणं शोभणार नाही, मी ती करतही नाही. मी लहानपणापासून त्या बागेत जाते, आणि मोठेपणी ती हकीकत वाचल्यापासून तिथे एक विचार मनात येतो. ‘जग असंच आहे, आपल्या हातात काय’ असं म्हणायला त्यांच्यापाशी आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कारणं होती. ते तसं म्हणाले नाहीत. माणसाने केलेली गोष्ट माणसाला बदलता येते, असं धरून ते आयुष्यभर चालले. तुमच्या माझ्यासारख्यांना त्यातलं निदान एवढं तरी घेता यावं, की स्वीकार हा शब्द वापरण्याआधी एकदा विचारून पाहावं.

वरिष्ठांना भेटा. बढती परत करा असं मी म्हणत नाही, घर चालवायचं आहे, मुलाचं शिक्षण पुढे उभं आहे. आठवड्यातला एक दिवस प्लांटवर मागा. नव्या मुलांना यंत्र उघडून शिकवायचं काम मागा. वीस वर्षांचं ज्ञान प्रेझेंटेशनमध्ये भरून ठेवण्यापेक्षा दोन पोरांच्या हातात गेलं, तर कारखान्यालाही ते हवंच असेल. नाही म्हणाले तर तेव्हा पाहू, मग एपिक्टेटस आहेच.

तत्त्वज्ञान की मानसशास्त्र, असं तुम्ही विचारलं आहे. मी दोन्हींच्या सोबतीने जगले आणि मला त्यांच्यात भांडण दिसलं नाही. मन का थकतं, सवय कशी लागते, कशाने उभारी येते, हे मानसशास्त्र नीट मोजून सांगतं. कशासाठी उभं राहावं, हे मोजून सांगता येत नाही, तिथे तत्त्वज्ञान लागतं. पण दोघांनाही वाचकाकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे त्याने पुस्तक मिटून काहीतरी करावं. तुम्ही दोन वर्षं वाचलंत, पंधरा-पंधरा दिवस बरं वाटलं. ते बरं वाटणं खरं होतं. वेदनाशामक गोळीनेही खरंच बरं वाटतं. दुखणं कुठे आहे ते मात्र गोळी सांगत नाही.

म्हणून महिनाभर व्हिडिओ बंद ठेवून पाहा. एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री लिहा, आज कोणत्या तासात जीव होता, कोणत्या तासात नव्हता, आणि जिथे होता तिथे समोर कोण होतं. तासाच्या पुढे दहापैकी आकडा टाका, जमलं तर. निराश माणसाला पुन्हा कामाला लावण्याच्या उपचारांत ही नोंद फार उपयोगी पडते. तिच्यातून बहुतेकांना धक्का बसतो. ज्यात आपण आनंद मानत होतो तिथे तीन आणि चार दिसतात, आणि भाजी आणायला आईबरोबर खंडेराव मार्केटला गेलो होतो तिथे आठ.

वाचन सोडू नका, फक्त एकट्याने आणि वेगाने नको. वडील शनिवारी तुम्हाला मध्यवर्ती ग्रंथालयात न्यायचे, तिथल्या काचेच्या लाद्यांच्या मजल्यावर पाय ठेवायला भीती वाटायची, असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंत. तिथेही खाली बारीकसा ‘असो’ होता. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ही व्यवस्था उभी केली. पुढे पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली जात. एका गावात आलेली पेटी सगळं गाव वाचत असेल आणि पारावर बोलत असेल. तुमच्या हातातला फोन तुमच्या एकट्यासाठी पेटी उघडतो. मुलाला घेऊन एखाद्या शनिवारी तिथे जा. तो अकरावीत आहे, येणार नाही म्हणेल. एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा सोडून द्या आणि एकटे जा. ऑफिसात काय करता या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र बाकी आहे, ते देऊन टाका. ‘मलाच नीट कळत नाही, आणि त्याचा मला त्रास होतो’ हे खरं उत्तर आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बापाकडून ते ऐकायला मिळणं फार मोलाचं असतं. त्याच्याही डोक्यात पुढे काय, हा प्रश्न असणारच, आणि आपला बाप त्या प्रश्नाबाहेर उभा नाही हे त्याला कळेल.

राहिला रविवार. चार ते सहा दांडिया बाजार. आईचा चहा, मग खालच्या काकू. त्या आळीत आणि आजूबाजूच्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, शिवणकामावर घर चालवणाऱ्या बायका किती आहेत ते काकूंना तोंडपाठ असेल. मशीनवाल्याला घरी बोलवायचं म्हणजे पैसे आणि अर्धा दिवस, म्हणून टाके सोडणारं मशीन त्या तसंच रेटत असतात. याला उपक्रम करू नका. नाव देऊ नका, ग्रुप काढू नका, फोटो टाकू नका. ज्या रविवारी कुणाचंच मशीन बिघडलेलं नसेल त्या रविवारी आईपाशी बसा, तो खड्डा जाणवला तर जाणवू द्या, तिलाही सांगा. तिचे रविवार वडील गेल्यापासून कसे जातात, हे तुम्ही विचारलं आहे का, मला माहीत नाही.

वाकलेली जुनी सुई काकूंनी टाकून दिली नसेल, जपणाऱ्या बायका तसल्या सुया डबीत ठेवतात. ती मागून घ्या आणि मुलाला आरशावर ठेवून दाखवा. आणि जाताना रावपुऱ्यातून चौदा नंबरच्या सुयांचं एक पाकीट घ्या. ब्लाउजच्या कापडाला बहुतेक तीच लागते, तरी काकूंना आधी फोन करून विचारा.

तुमची,
ताई